पटावर आहे, वर्गात नाही

कल्याण पूर्वेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बरीच वर्षं गणित शिकवलं. माजी विद्यार्थी अधूनमधून स्टेशनच्या स्कायवॉकवर भेटतात. गणितातलं त्यांना काही आठवत नसतं, आठवते ती माझी हजेरी. नाव पुकारायचं, मान वर करून चेहरा बघायचा, मगच खूण करायची. दुसऱ्याने ‘यस सर’ म्हटलेलं चालायचं नाही. स्टाफरूममध्ये यावरून माझी चेष्टा व्हायची, पोर्शन कधी संपवणार म्हणून विचारायचे. पण चार महिने रोज चेहरा बघून ज्याला हाक मारली आहे, तो आला नाही की कुठे असेल याचा अंदाज येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या अकरावीवर एक पाहणी आली होती. तंबाखू, दारू, ‘इतर मादक पदार्थ’, झोप, घरातली भांडणं असे प्रश्न होते. तीच मुलं वर्षाने बारावीत पुन्हा गाठायची, मग पुढे आणखी दोनदा, आणि व्यसन कोणाला, कधी, कशातून लागतं याचा माग काढायचा, अशी योजना. कल्पना उत्तम होती. दुसऱ्या वर्षी दोन मुली आल्या, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, हातात गेल्या वर्षीची यादी. तासाभरात काम आटोपलं. जाताना एक जण म्हणाली, “सर, नऊ जण नाहीत.”

मला नऊही जण माहीत होते. एकाची नेतिवलीकडची चाळ पाडली होती आणि कुटुंब बदलापूरला गेलं होतं. दोघं भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीला पार्सलं चढवायचे आणि दिवसा झोपायचे. एका मुलीचं शिक्षण घरच्यांनी थांबवलं होतं. एकाने कॉलेज सोडून सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. एक तापाने घरी होता. दोघं त्या क्षणी पार्किंगच्या मागच्या टपरीवर उभे होते, खिडकीतून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आणि नववा, शेवटच्या बाकावरचा, गणितात बरा असलेला, पाच आठवड्यांपासून व्यसनमुक्ती केंद्रात होता. घरचे सगळ्यांना ‘गावाला गेलाय’ म्हणून सांगत होते.

त्या मुलीच्या कागदावर नऊ जणांसाठी एकच शब्द होता, अनुपस्थित. मी सांगायला लागलो तेव्हा ती ओशाळून म्हणाली, “सर, यात कारणाचा कॉलम नाहीये.”

व्यसनाच्या पाहणीत व्यसनी मुलगा गैरहजर असेल, तर ती गैरहजेरी ही माहिती आहे आणि ती गोळा करायलाच आपण आलो आहोत, एवढी साधी गोष्ट त्या कागदाला कळत नव्हती. दहावी-बारावीच्या वयातल्या मुलांचे जे दीर्घकालीन आरोग्य-अभ्यास होतात, त्यांचं सगळं यश-अपयश या एका जागी ठरतं असं मला वाटतं. प्रश्नावली कितीही चांगली असो, ती भरायला आलेल्यांचंच सांगते.

गणिताच्या माणसाला फळ्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून एक मांडणी करतो. आकडे मनाचे आहेत, हिशेब खरा आहे. समजा, शंभर मुलं आहेत आणि त्यांतली 20 पहिल्या वर्षी कसली ना कसली नशा करतात. पुढच्या वर्षी नशा करणाऱ्यांपैकी निम्मी मुलं अभ्यासात सापडत नाहीत, न करणाऱ्यांपैकी दहातलं एक सापडत नाही. म्हणजे उरली 10 आणि 72, एकूण 82. एकाही मुलाने काहीही सोडलेलं नाही, नव्याने कुणी धरलेलंही नाही. तरी अहवालात 20 टक्क्यांचे 12 टक्के होतात. मधल्या काळात कुणी पथनाट्य केलं असेल, पोस्टर लावली असतील, तर त्या मोहिमेचा सत्कारही होईल.

महाराष्ट्राला पटाचा घोळ नवा नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा कागदावर असलेली लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. अनुदानासाठी फुगवलेले पट होते ते. तिथे नसलेली मुलं मोजली गेली होती. आरोग्याच्या पाहण्यांत असलेली मुलं मोजली जात नाहीत. पहिल्या गोष्टीवर विधिमंडळात गदारोळ होतो, दुसरीवर कुणाचा आवाज चढत नाही, कारण तिच्यात कुणाचे पैसे खाल्लेले नसतात.

आपण वर्तमानपत्रात जे आकडे वाचतो ते बहुतेक वर्गात बसलेल्यांचे असतात. 2019 च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं. काम नेटकं झालं होतं. पण त्यातला ‘विद्यार्थी’ हा शब्द आपण वाचताना गिळून टाकतो. त्या वयाचा जो मुलगा शाळा सोडून गॅरेजवर गेला, रिक्षाच्या स्टँडवर तंबाखू मळायला शिकला, तो या 8.5 मध्ये नाही आणि उरलेल्या 91.5 मध्येही नाही. अमेरिकेत 1975 पासून दरवर्षी शाळकरी मुलांची अशीच मोठी पाहणी चालते. शाळा सोडलेली आणि त्या दिवशी दांडी मारलेली मुलं आपल्या आकड्यात येत नाहीत, आणि त्या मुलांत नशेचं प्रमाण जास्त असतं, हे तिथले संशोधक स्वतःच सांगत आले आहेत. आपल्याकडे ही ओळ बातमीपर्यंत पोचत नाही.

घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचं काय? 2019 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने देशव्यापी अहवाल दिला. सुमारे दोन लाख घरं आणि पावणेपाच लाख माणसं. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. दारू, गांजा, अफूचे प्रकार, सगळ्यांत मोठी माणसं पुढे. फक्त हुंगायच्या पदार्थांत मुलं पुढे आहेत. मोठ्यांत 0.58 टक्के, मुलांत 1.17 टक्के. म्हणजे पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर. कल्याणच्या फलाटावर ज्याने रुमालात तोंड खुपसून बसलेली पोरं पाहिली आहेत, त्याला याचं नवल वाटणार नाही. त्याला वेगळंच वाटेल. घरात राहणाऱ्या मुलांतच हे प्रमाण एवढं असेल, तर ज्यांना दारच नाही त्यांच्या दारावर टकटक कोण करणार? त्या अहवालाने बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी 135 जिल्ह्यांत वेगळी पद्धतही वापरली, एका वापरणाऱ्याने दुसऱ्याला आणून द्यायचं अशी. वर्गातल्या दांडीबहाद्दराचा पत्ता आम्हीही असाच काढायचो, त्याच्या दोस्ताकडून.

या सगळ्या एकदाच काढलेल्या तसबिरी. खरी परीक्षा होते ती त्याच मुलाकडे पुन्हा जाताना. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये पॉप्युलेशन कौन्सिलने ‘उदया’ नावाचा अभ्यास केला. 2015-16 मध्ये वीस हजारांवर किशोरवयीन मुलामुलींशी बोलणी झाली, 2018-19 मध्ये पुन्हा त्यांचाच शोध घेतला. मुलींपैकी साधारण 81 टक्के सापडल्या, मुलांपैकी 74 टक्के. न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण स्थलांतर होतं, आणि ते मुलींपेक्षा मुलांत जास्त. त्यानंतर नकार, स्वतःचा किंवा पालकांचा.

ही मुलं कुठे गेली? सगळी इकडे आली असं मी म्हणणार नाही. पण तिकडून येणाऱ्या गाड्या कल्याणला थांबतात, आणि भिवंडीच्या गोदामांत, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, नव्या टॉवरच्या स्लॅबवर काम करणाऱ्या पोरांची बोली मी रोज ऐकतो. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, एका खोलीत आठ जण, हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे, आई-बाप हजार किलोमीटरवर. व्यसन लागायचं असेल तर याहून सोयीचं वय आणि जागा नाही. त्याच वर्षी तो तिकडच्या यादीतून ‘स्थलांतरित’ म्हणून गळतो, आणि इकडच्या कुठल्याच यादीत येत नाही. ज्या घटनेमुळे धोका वाढला, तिनेच त्याला अभ्यासाबाहेर नेलं.

संख्याशास्त्राकडे यावर उपाय आहेत हे मला ठाऊक आहे. गेलेल्या मुलासारखा जो राहिलेला मुलगा आहे, त्याला जास्त वजन द्यायचं, किंवा त्याच्यावरून गेलेल्याची उत्तरं अंदाजाने भरायची. वय तेच, बापाचा धंदा तोच, पहिल्या फेरीतली उत्तरं तीच, मग दुसऱ्या फेरीतही तो असाच वागला असेल असं धरायचं. हे शास्त्र खोटं नाही. पण माझ्या नवव्या मुलाला ते लावून बघा. पहिल्या फेरीत त्याने सगळीकडे ‘नाही’वर खूण केली होती आणि ती खरी होती, कारण तेव्हा त्याने खरंच काही धरलं नव्हतं. एमडीची पुडी त्याला बारावीच्या दिवाळीत मिळाली. कागदावर त्याच्यासारखे तीस जण आहेत, सगळे सरळमार्गी, आणि त्यांच्यावरून त्याची जागा भरली की तोही सरळमार्गी ठरतो. जायचं कारण जर दोन फेऱ्यांच्या मधे जन्माला आलं असेल, तर पहिल्या फेरीच्या कागदात ते कुठून सापडणार?

इथे कुणी जाणकार मला अडवेल, आणि अडवावं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपास 1991-92 मध्ये गरोदर बायकांपासून सुरू झालेला एक प्रचंड अभ्यास आहे. त्यातून गळलेल्या मुलांकडे काही संशोधकांनी 2009 मध्ये नीट पाहिलं. वर्तनाच्या अडचणी असलेली मुलं जास्त गळतात, त्यामुळे अशा अडचणींचं प्रमाण कमी दिसतं, हे त्यांना आढळलं. पण कशामुळे काय होतं, हे कारण-परिणामाचे धागे मात्र गळतीनंतरही फारसे बिघडत नाहीत, असाही त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे प्रमाण चुकतं, नातं टिकतं. हा मुद्दा मी मान्य करतो, आणि अर्ध्या गळतीच्या अभ्यासाला सरसकट केराची टोपली दाखवणाऱ्यांनीही तो मान्य करावा. पण महानगरपालिकेला, पोलिसांना, शाळेला जो आकडा लागतो तो प्रमाणाचाच असतो. किती समुपदेशक नेमायचे, किती खाटा लागतील, हे ‘नातं’ बघून ठरत नाही.

गळती रोखली तर काय हाती लागतं, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मला व्हिएतनाम युद्धात दिसतं. 1971 मध्ये तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचा सुळसुळाट झाला होता. वयाने ही पोरंच, विशीच्या आसपासची. सरकारला धास्ती होती की हे सगळे गर्दुल्ले होऊन घरी येणार. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी सप्टेंबर 1971 मध्ये परतलेल्यांपैकी सुमारे 900 जणांना देशभर शोधून काढलं, मुलाखती घेतल्या, लघवीचे नमुने घेतले. निष्कर्ष असा की तिथे जवळपास पाचातला एक जण व्यसनाधीन झाला होता, पण परतल्यावरच्या पहिल्या आठ-दहा महिन्यांत त्यांच्यातल्या फार थोड्यांना, साधारण 5 टक्क्यांना, पुन्हा व्यसन जडलं. हेरॉइन एकदा लागलं की सुटत नाही, या समजावर हा घाव होता. लोकांचा विश्वास बसेना. तरी तो निष्कर्ष आज पन्नास वर्षं उभा आहे, कारण रॉबिन्सबाईंनी यादीतल्या 95 टक्क्यांहून जास्त सैनिकांना गाठलं होतं. निम्मेच सापडले असते तर कुणीही म्हणालं असतं, बिघडलेले तुम्हाला भेटलेच नाहीत. त्या वाक्याला उत्तर नसतं.

असं काम पैसेवाल्या देशांतच होतं, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. आपल्या शेजारचं उदाहरण बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन लग्न झालेल्या बायकांना पाळीची तारीख विचारायच्या, म्हणजे गर्भ राहिल्याचं अगदी सुरुवातीला कळावं. त्या बाळांना सहाव्या वर्षी तपासलं, बाराव्या वर्षी तपासलं, अठराव्या वर्षीही. नव्वद टक्क्यांच्या वर मुलं वर्षानुवर्षं टिकून राहिली. आईच्या पोटात असतानाच्या बी-12 आणि फोलेटच्या प्रमाणाचा मुलाच्या पुढच्या आरोग्याशी काय संबंध आहे, हे जगाला ज्या अभ्यासांतून कळलं त्यांत हा एक आहे. त्याचा विषय व्यसन नाही, आणि गाव म्हणजे कल्याण नव्हे, हे खरं. पण त्या नव्वद टक्क्यांमागे यंत्र नव्हतं, दर महिन्याला येणारी ओळखीची बाई होती.

शहरातही हे जमलं आहे. डॉ. प्रकाश गुप्तांच्या मुंबईतल्या तंबाखू-अभ्यासात मतदारयादीवरून पस्तिशीच्या पुढची माणसं निवडली होती. 1991 ते 94 मध्ये मुलाखत घेतलेल्या 52,568 जणांपैकी 97.6 टक्क्यांचा पत्ता पाच-सहा वर्षांनी लागला. चाळी आणि वस्त्यांतली ही माणसं. त्या अभ्यासाने एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सोडून दिली होती, उच्चभ्रूंच्या सोसायट्या. सुरक्षारक्षक आत सोडत नाहीत म्हणून. मला हे वाचून हसू आलं. खडकपाड्याच्या टॉवरच्या गेटवर आज कुरिअरवाल्यालाही ॲपवरून परवानगी लागते. तिथल्या बाराव्या मजल्यावरचा मुलगा काय ओढतो, हे ना पाहणीवाल्याला कळतं, ना बऱ्याचदा त्याच्या आईला. ‘झोपडपट्टीतली पोरं बिघडलेली’ हा निष्कर्ष काही अंशी तरी वॉचमनने ठरवलेला असतो.

पस्तिशीच्या माणसाचं नाव मतदारयादीत असतं, शिधापत्रिकेवर असतं. सोळा वर्षांच्या मुलाचं काय असतं? एक सिमकार्ड, तेही दर सहा महिन्यांनी बदललेलं. इन्स्टाग्रामवर तीन नावं. पत्ता म्हणजे ‘साईकृपा चाळ, पाण्याच्या टाकीच्या मागे’. टाकी आहे, चाळ गेली. अशा मुलाचा माग कसा ठेवायचा, हे दिल्लीत बसून ठरत नाही. पहिल्या दिवशीच त्याला विचारायला हवं, तू कुठे आहेस हे नेहमी कोणाला माहीत असतं? तीन नावं दे. आई-वडील सोडून. बहुधा एक दोस्त, एक मामा आणि एक आत्या अशी नावं येतील. मामाचा नंबर बदलत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि कल्याणात प्रत्येकाला एक ‘गाव’ असतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा मुलगा इथे वर्षभर सापडला नाही तरी गणपतीत घरी सापडतो. घाटावरचा जत्रेला सापडतो. पाठपुराव्याचं वेळापत्रक शैक्षणिक वर्षाप्रमाणे आखण्यापेक्षा कालनिर्णय बघून आखलं तर निम्मी गळती थांबेल, असं मी त्या मुलींना म्हणालो होतो. त्यांना ते विनोदी वाटलं. मी गंभीर होतो.

पण सापडणं हे अर्धंच काम. सापडलेल्याने खरं का सांगावं?

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या वर्षी प्रश्नावली भरून घेताना वर्गात शांतता राहावी म्हणून मला उभं केलं होतं. मीही उत्साहाने उभा राहिलो. एका बाकावर तिघं, प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या कागदावर, आणि बाकांच्या मधून फिरतोय गणिताचा मास्तर, ज्याच्या हातात प्रॅक्टिकलचे मार्क आहेत. कागदावर प्रश्न आहे, ‘तुम्ही गेल्या महिन्यात दारू प्यायलात का?’ त्या दिवशी आमचा वर्ग संतांचा वर्ग ठरला असणार. त्याआधी संमतिपत्रं घरी गेली होती. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावेत असं आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण एका मुलाच्या वडिलांनी ‘अमली पदार्थ’ हे शब्द वाचून आधी त्याला एक ठेवून दिली. “तुलाच का दिला हा कागद?” तो मुलगा पुढच्या वर्षीच्या नऊ जणांतला एक, टपरीवरचा. त्याने परत का यावं, याचं एक तरी कारण मला सांगा.

भीती नुसती बापाची नसते. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा ‘हो, घेतली’ असं लिहितो तेव्हा तो गुन्ह्याची कबुली देत असतो. गांजा किंवा एमडी असेल तर 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आहेच, त्यात नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे. त्याच कायद्याचं कलम 64-अ, उपचाराला स्वतःहून जाणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून आडोसा देतं. प्रश्नावलीत खरं लिहिणाऱ्याला तसा आडोसा नाही. अमेरिकेने 1970 च्या अमली पदार्थ कायद्यातच संशोधकांना कवच दिलं, की सहभागी माणसाची ओळख कोर्टालाही सांगायची सक्ती होणार नाही. आपल्याकडे संशोधक मुलाला ‘हे गुप्त राहील’ असं सांगतो तेव्हा त्यामागे त्याचा प्रामाणिकपणा असतो, कायदा नसतो. टपरीवरच्या पोरांना ही गोष्ट वकिलाशिवाय कळते.

शब्दांचंही तसंच. ‘गर्दुल्ला’ हा शब्द मी वर एकदा सहज लिहून गेलो. ऐंशीच्या दशकात गर्द आली, तिच्यामागून हा शब्द आला आणि बातम्यांचा झाला. ‘गर्दुल्ल्यांचा उच्छाद’, ‘स्कायवॉकवर गर्दुल्ले’. ज्या गावात माणसाला हे नाव आहे, तिथे कुणी स्वतः पुढे येऊन ‘माझं नाव लिहा’ म्हणणार नाही. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तेव्हा तिथे आलेला माणूस आधी माणूस आणि मग पेशंट होता. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या लोकांना फॉलोअपचं मोल आपल्या सर्वेवाल्यांपेक्षा जास्त कळतं. फॉलोअपच्या सभेला जो महिनाभर येत नाही, तो बहुधा घसरलेला असतो आणि लाजेने येत नाही, हे तिथला जुना कार्यकर्ता कागद न बघता सांगेल. म्हणून तो त्याच्या घरी जातो. जाताना वही नेत नाही. जी गोष्ट तिथे पोस्ट-ग्रॅज्युएट नसलेल्या, स्वतः त्यातून बाहेर आलेल्या माणसाला कळते, ती आपल्या प्रश्नावलीच्या रकान्यात यायला काय हरकत आहे?

पिच्छा पुरवण्याला एक मर्यादा हवी, हेही बोललं पाहिजे. अभ्यासातून कधीही, कारण न देता बाहेर पडता येणं हा सहभागी माणसाचा हक्क आहे. मामाचा नंबर घेतला म्हणजे मामाला सगळं सांगायचा परवाना मिळत नाही. पोरगं ‘नको’ म्हणालं तर तिथे थांबायचं, त्याच्या दोस्ताकडून माहिती काढायची नाही. पण ‘नको’ म्हणालेला, पत्ता न लागलेला, रात्रपाळीमुळे येऊ न शकलेला आणि केंद्रात दाखल असलेला, हे चार वेगळे मुलगे आहेत. चौघांना एका शब्दात कोंबण्याने कुणाच्याही हक्काचं रक्षण होत नाही. रात्रपाळीवाल्याला रविवारी दुपारी भेटा, बुडालेल्या वेळेचे पैसे द्या. केंद्रातल्याची तब्येत सुधारेपर्यंत थांबा. न सापडलेल्याकडे गणपतीत जा. ‘नको’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि त्याचा नकार मोजा.

याला खर्च येतो. तो कशावर होतो, यावरून माझं भांडण आहे. अशा कामांत टॅब्लेट घेतले जातात, सॉफ्टवेअर घेतलं जातं, निष्कर्षांचं सादरीकरण हॉटेलात होतं. दारोदार फिरणाऱ्या मुली मात्र कंत्राटावर, महिन्याच्या बोलीवर, आणि पहिल्या फेरीतली मुलगी दुसऱ्या फेरीला नसते. मुलाला ज्या ताईने पहिल्या वेळी प्रश्न विचारले, तीच परत आली तर तो भेटतो. नवी आली तर ‘घरी नाही’ म्हणून आतून सांगायला लावतो. अभ्यासातून पहिली गळती सर्वेवाल्यांचीच होते. त्या दोन मुलींपैकी एकीचा नंतर फोन आला होता, तिला दुसरी नोकरी लागली होती. तिसऱ्या फेरीला कोण आलं, किंवा कुणी आलं का, मला कळलं नाही.

शाळा सुरू झाल्या की कुठली ना कुठली पाहणी परवानगीचं पत्र घेऊन येईल. कल्याण-डोंबिवलीतल्या मुख्याध्यापकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे. सही करण्याआधी आलेल्या माणसाला तीन गोष्टी विचारा. जो आज वर्गात नाही त्याच्याकडे कोण जाणार? किती वेळा जाणार? आणि गैरहजेरीचं कारण लिहायला कागदावर जागा आहे का? उत्तरं मिळाली तर वर्ग द्या, वेळ द्या, आणि फॉर्म भरताना मास्तरांना बाहेर थांबायला सांगा. उत्तरं नसतील तर सही करू नका.